पडद्यावरचं पहिलं भाडं

“मावशी, तुम्ही बोलत राहिलात तर पडद्याकडे बघणार कोण?”

पो-हानने हे हळूच म्हटलं, तरी त्साय-युनला ते लागलंच. बाहेर कीलुंग बंदराचा रोजचाच पाऊस चालला होता. तिच्यासमोर वायरलेसचा माइक होता. टॅक्सीवाल्यांच्या या संस्थेत ती लग्नाआधी लागली. आता केस पांढरे झाले होते, पण काम तेच. फोनवर गिऱ्हाइकाचा पत्ता घ्यायचा आणि माइकवरून जवळच्या गाडीला सांगायचा.

पो-हान संस्थेचा नवा व्यवस्थापक. त्याने प्रत्येक गाडीत छोटा पडदा बसवून दिला होता. गिऱ्हाइकाने मोबाइलवरून गाडी मागवली की पत्ता पडद्यावर येणार, जो आधी बोट लावेल त्याचं भाडं. सगळ्यांना शिकवून झालं. चहा पिऊन, माना डोलावून मंडळी गेली आणि कुणी पडद्यावर टॉवेल टाकला, कुणी देवळातला ताईत लटकवला. वायरलेसवर पुन्हा तेच, “युन ताई, एखादं भाडं बघ ना ग!” आणि तिलाही राहवत नसे.

“तरुण गिऱ्हाइकं सगळी मोबाइलवाल्या मोठ्या कंपनीकडे चालली, मावशी. असंच चाललं तर ना पडदा राहील, ना वायरलेस. संस्थाच बंद होईल.”

“म्हणजे मी गप्प बसायचं.”

“आज दुपारपुरतं. बघू तरी.”

तिने माइक बाजूला सारला.

थोड्या वेळाने वायरलेस खरखरला. “ताई, सतरा नंबर. स्टेशनापाशी उभा आहे. जेवलीस का?”

आ-तेकचा आवाज. एकदा वादळात डोंगरावरचा रस्ता खचून तो गाडीसकट अडकला होता, तेव्हा मदत पोचेपर्यंत ती त्याच्याशी बोलत बसली होती. काय काय बोलली, आता आठवतही नव्हतं. माशांचे भाव, सासूची भांडणं, वाट्टेल ते.

“ताई? ऐकतेस ना?”

“डुलकी लागली असेल,” दुसरा कुणी म्हणाला.

“ताईला आणि डुलकी? माइक बिघडलाय.”

शेवटी आ-तेकच हळू आवाजात म्हणाला, “रागावलीस का ग?”

तिचा हात माइकपर्यंत गेला. पो-हानने पाहिलं आणि मान खाली घातली.

त्साय-युनने हात मागे घेतला आणि पर्समधून मोबाइल काढला. “ते गाडी मागवायचं कसं रे? दाखव मला.”

“कुणासाठी?”

“माझ्यासाठी.”

“तुमचं घर तर मागच्या गल्लीत आहे!”

“मग दीपगृहाकडे जाईन. आजवर कुणाच्या टॅक्सीत बसलेय मी?”

पो-हानने तिचं नाव घातलं, पत्ता घातला. वायरलेसवर एकदम गलका उडाला.

“अरे, ही आपली युन ताई!”

“कुठे?”

“पडद्यावर! टॉवेल काढ की, गाढवा!”

“बोट कुठे लावू? हिरव्यावर का?”

“हात काढ, हे भाडं माझं आहे!”

“गेलं, गेलं! सतरा नंबरने मारलं!”

पो-हान तोंडावर हात धरून हसत होता. त्साय-युनने डोळे पुसले, छत्री घेतली आणि जाता जाता वायरलेसचं बटण स्वतःच्या हाताने बंद केलं.

दारात गाडी थांबली आणि आ-तेक लगबगीने खाली उतरला. त्याने मागचं दार उघडलं, पण ती पुढे जाऊन बसली. गाडी बंदर सोडून चढाला लागली. माइकवर एवढं बोलणाऱ्या दोघांना शेजारी बसल्यावर काय बोलावं हेच सुचेना.

एका वळणावर तिने विचारलं, “हा कुठला रस्ता रे?”

“ही? विहिरीची गल्ली, ताई. वर्षानुवर्षं तूच तर पाठवतेस आम्हाला इथे.”

तिने धुरकटलेली काच बाहीने पुसली. उतरत्या पायऱ्या, छपराखाली वाळत घातलेले कपडे, गाडीला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहिलेली एक बाई.

“मला वाटायचं,” ती म्हणाली, “चांगली रुंद असेल.”