नव्वदला तीन कमी

एलादिओने बंदूक नेफ्तालीच्या छातीवर रोखली आणि ओरडला, "टाक!"

चेंडू सुटला. झेलणाऱ्या कॅचरच्या हातमोज्यात फाडकन बसला. वेग मोजायच्या त्या बंदुकीच्या पाठीवर लाल आकडे उमटले.

"सत्त्याऐंशी. नव्वदला तीन कमी. ये इकडं."

नेफ्तालीने शर्ट वर केला. एलादिओच्या बेसबॉलच्या मैदानावर कायदाच होता: ताशी जितके मैल कमी, तितके केबलचे फटके. तिसऱ्या फटक्याला जुनी खपली फुटली आणि रक्त कमरेपर्यंत ओघळलं.

"नेम तुला देवानं दिलाय," केबल गुंडाळत एलादिओ म्हणाला. "वेग मला बडवून काढावा लागतो. एकोणिसावं सरत आलं तुझं. उद्या क्लबवाल्यांनी नाही उचललं, तर बस बापासारखा ऊस तोडत."

"मास्तर, बंदूक जरा जुनी..."

खाडकन थोबाडीत बसली. "माणसं खोटं बोलतात, ही नाही बोलत! ज्या दिवशी ही नव्वद दाखवेल, त्या दिवशी गुडघे टेकीन तुझ्यापुढं. आल्ताग्रासिया माउलीची शपथ!"

चौदा महिने हेच चाललं होतं. एलादिओला त्यात वावगं वाटत नव्हतं. त्याच्या मास्तरांनीही त्याची पाठ अशीच सोलली होती.

दुसऱ्या दिवशी सान पेद्रोच्या मैदानावर निवडचाचणी. कॅचरच्या मागे क्लबांचे सहा पारखी, सहा नव्या बंदुका. एलादिओने आपली जुनी त्यांच्या शेजारी धरली.

नेफ्तालीने चेंडू टाकला.

"पंचाण्णव," टकल्या पारखी म्हणाला. सहाही बंदुका तेच सांगत होत्या. एलादिओची सत्त्याऐंशीच्या पुढे हलेना.

"हॅ! डबडी आहेत तुमची."

"म्हातारबा, तुमचीच आजोबांच्या काळातली," टकल्या तळलेलं केळं चघळत म्हणाला. "ती चेंडू इथं पोचताना मोजते, दमल्यावर. आमच्या बंदुका चेंडू हातातून सुटतानाच मोजतात. आता नव्वद म्हणजे सुटतानाचे नव्वद."

नेफ्ताली जवळ येऊन ऐकत होता. "म्हणजे माझे सत्त्याऐंशी..."

"पंचाण्णवच की. कधीपासून टाकतोस असा?"

"चौदा महिने."

त्याने पाठीला चिकटलेला शर्ट दोन बोटांनी सोडवला आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

पारखी फिदीफिदी हसत होते. एलादिओचं डोकं फिरलं. चार लोकांसमोर आपली बंदूक खोटी?

"चेंडू दमतो काय? मग दमायच्या आत मोजतो!" तो तरातरा नेफ्ताली आणि कॅचरच्या मधोमध, निम्म्या वाटेवर गेला आणि चेंडूच्या रेषेपासून हातभर बाजूला उभा राहिला.

"अहो, मरायचंय का? सरका!" कॅचर ओरडला.

"माझ्या हाताखालचा आहे तो! एवढ्यावरून बिअरचा डबा उडवतो, एकदाही चुकत नाही." त्याने बंदूक रोखली. "टाक रे कुत्र्या!"

नेफ्तालीने कॅचरकडे पाहिलंच नाही. पाय उचलला.

लाल आकडे एलादिओला स्वच्छ दिसले: एक्याण्णव. चेंडू कॅचरपर्यंत पोचलाच नाही. जबडा फुटल्याचा आवाज पार भिंतीपर्यंत गेला, बंदूक धुळीत पडली, आणि एलादिओने नेफ्तालीपुढे गुडघे टेकले.