हळू नको

नर्सने स्पिरिटचा बोळा त्याच्या हातावरून अलगद फिरवला, तसा तो चटका बसल्यासारखा उठला आणि भिंतीला जाऊन चिकटला.

"अरे बाळा, अजून सुई कुठे टोचलीये!"

चाळिशी ओलांडलेला, कानशिलांवरचे केस पिकलेला हा बाळ डोळे गच्च मिटून उभा होता. डोक्यावर ट्यूबलाइट फडफडत होती. बाहेर नंबर पुकारणारं मशीन टिंग टिंग करत होतं.

"सुईचं काही नाही हो," त्याची ताई म्हणाली. "त्याला असा हळू हात लावलेला सोसत नाही. अंगावर मुंग्या सोडल्यासारखं होतं. ट्यूब बंद करा, दार लोटा आणि हात घट्ट धरा."

"घट्ट? आधीच घाबरलाय बिचारा." नर्सने मायेने त्याच्या पाठीवरून बोटं फिरवली. तो आणखी आक्रसला.

माया जरा बेताने करा, असं ताईच्या अगदी ओठांवर आलं. पण भांडायलाही अंगात जोर लागतो. मागच्या खेपेला दोघं रक्त न देताच परतली होती. रक्त तपासल्याशिवाय डॉक्टर गोळी बदलणार नव्हते आणि या गोळीने त्याची झोप उडवली होती. रात्रभर तो घरात येरझाऱ्या घालायचा, त्याच्यामागे ही. सकाळी तिने चहात मीठ घातलं होतं. दोघांनी तो निमूट प्यायला होता.

ती उठली. खिडकीतला उजेड पुरेसा होता. तिने ट्यूब बंद केली, दार लोटलं, भावाला खुर्चीत बसवलं आणि त्याचा दंड दोन्ही हातांनी आवळला. त्याने श्वास सोडला.

"आता बोळा फिरवा. दाबून. भांडं घासल्यासारखा."

"माणूस आहे की पातेलं?" नर्स पुटपुटली. पण तिने दाबून फिरवला. तो हलला नाही. तिने दंडाला रबरी पट्टा आवळला, तेव्हा तो आज पहिल्यांदाच बोलला.

"अजून."

"दुखेल रे."

"अजून."

सुई गेली. नळीत चढणारं रक्त तो कोवळ्या उन्हात बसल्यासारखा निवांत बघत राहिला.

"झालं की!" नर्स नळीवर चिठ्ठी चिकटवत म्हणाली. "घरी आणखी कोण आहे मदतीला?"

"आम्ही दोघंच."

एवढं बोलून ताई भिंतीला टेकली. टेकली ती टेकलीच. डोळे आपोआप मिटले आणि त्यातून पाणी यायला लागलं. पुसायला हात काही उठेना.

नर्स लगबगीने जवळ आली. "दमलात हो तुम्ही," म्हणत तिने बोटांची टोकं ताईच्या खांद्यावर अलगद टेकवली.

भाऊ बाही खाली ओढत होता. मान वर न करता म्हणाला,

"हळू नको. तिला घट्ट धरा."