न फिरलेली किल्ली

धाकटी हसत होती. ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच.

तीन वर्षं जिनं या किल्ल्यांच्या दुकानासमोरून जाताना मान वळवून पलीकडचा फुटपाथ न्याहाळला, ती आज रविवारी सकाळी, चर्चला जायच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत, धापा टाकत दारात उभी! आणि वर हसतेय!

"ताई, दोन मिनिटं आहेत का?"

"गिऱ्हाईक आहे." ताईनं शिकंज्यात धरलेल्या किल्लीवरची नजर काढली नाही.

गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या बाई. त्यांच्या कपाटाची किल्ली हरवली होती आणि चष्मा नेमका कपाटात होता. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी डोळे बारीक केले. "कोण आलंय गं?"

"बहीण माझी."

"अगंबाई! तुला बहीण आहे होय?"

धाकटीला आणखीच हसू फुटलं, आणि ताईचं डोकं आणखीच फिरलं. एवढं तोंड भरून हसायला झालंय काय हिला? कुणी पढवून पाठवलंय का?

"काय हवंय?"

"काही नको."

काही नको म्हणणाऱ्या माणसांची ताईला सगळ्यात जास्त भीती वाटायची. तिनं हत्यारांचा डबा हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

धाकटीनं ते पाहिलं. तरी बोलत सुटली. "वेदीवर घालायला नवं कापड शिवलंय मी. चार महिने खपून कडेनं वेल भरलीय. आज अर्पण करायचं होतं. आणि पाळकांनी आजच नेमकं ते सांगितलं. अर्पण घेऊन आलीस आणि आठवलं, की बहिणीच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर ते तिथंच ठेव आणि आधी तिच्याकडे जा."

"बहिणीच्या?"

"भावाच्या म्हटलंय. मला भाऊ कुठाय?"

"म्हणून उठून आलीस?"

"कापड वेदीपुढं ठेवलं नि निघाले. सगळे बघतच राहिले."

"कळलं. म्हणजे मी माफ केलं म्हणायचं, की तुझं कापड वेदीवर चढलं!"

धाकटीचं हसू जरा उतरलं, पण गेलं नाही. तिनं पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून ताईपुढं ठेवलं.

किल्ल्या घासायची कानस. बाबांची. ते गेले त्याच आठवड्यात दुकानातून नाहीशी झालेली. 'मला काय ठाऊक?' असं धाकटीनं डोळ्याला डोळा भिडवून सांगितलेलं.

ताईचा एवढ्यावर विश्वास बसतोय होय! तिनं कानस उलटीपालटी करून पाहिली. लाकडी मुठीवर घासून घासून पडलेल्या खळग्यात अंगठा बसवला. एका कोऱ्या पितळी पट्टीवर एकदाच ओढली. आवाज ऐकला. बाबांचीच.

"मीच नेली होती," धाकटी म्हणाली. "खोटं बोलले. तुला दुकान मिळालं. मला त्यांच्या हातातलं काहीतरी हवं होतं."

"मग मागायचीस."

"हो."

एवढंच. ताई भांडणाची सगळी तयारी करून बसली होती, आणि समोरून नुसतं 'हो'!

"मग मिळालं का सुख?"

"कसलं! ट्रंकेत तळाशी पडून होती. एकदाही हातात धरवली नाही. सुखासाठी नवं शिलाई मशीन घेतलं, पडदे बदलले, केस कापले..."

"ते दिसतंय."

"आणि आज इथपर्यंत पळत आले ना ताई, तेवढ्या रस्त्यात जे वाटलं, ते तीन वर्षांत वाटलं नव्हतं. तू हाकललंस तरी ते आता जायचं नाही."

हेच तर ताईच्या पचनी पडेना. समोरच्यानं 'बरं' म्हणायच्या आधीच होतो, हा कसला आनंद?

धाकटीनं एक किल्ली काढून कानसेशेजारी ठेवली. "ही पण घे. दुकानाची."

"ती आता लागत नाही." ताईला अखेर बोलायला काहीतरी सापडलं. "कुलूप बदललंय मी."

"माहीत आहे."

ताईचा हात थांबला. "तुला कसं माहीत?"

"लावून पाहिली होती."

"बघा! बघा बाई! म्हणजे आणखी काही न्यायला आली होतीस तू!"

"कानस ठेवायला आले होते." धाकटी आता हसत नव्हती. "दुसऱ्याच आठवड्यात. म्हटलं, गुपचूप जागेवर ठेवून जाऊ. किल्ली फिरेचना. मग मलाच राग आला, ताईनं मला चोर ठरवलं म्हणून. चोरानंच रागवायचं, बघ ना!"

बाईंनी पदरानं डोळे टिपले. ताईच्या डोळ्यांसमोर ते नवं कुलूप आलं. किती पारखून घेतलं होतं. बाहेरचं कुणी आत येऊ नये म्हणून.

धाकटीनं रिकामी पिशवी उचलली. मग "येते गं," म्हणून पायऱ्या उतरली. कोपऱ्यापर्यंत ती सावकाश गेली, मग पळत सुटली.

ताईनं बाईंची किल्ली पुरी केली, कापडानं पुसून त्यांच्या हातात ठेवली. बाई उठल्या, तोच मागं पुन्हा करकर सुरू झाली. शिकंज्यात नवा कोरा तुकडा होता, शेजारी दुकानाच्या नव्या कुलपाची किल्ली, आणि ताईच्या हातात बाबांची कानस.

"माझी झाली ना? मग ही कुणाची?"

ताईनं खाचेतला पितळी भुसा फुंकून उडवला.

"बाई," ती म्हणाली, "चर्च सुटायला अजून वेळ आहे ना?"