सुई

खो-खोच्या अंतिम सामन्याला तासभर उरला असताना दीक्षाचा मुरगळलेला घोटा टम्म सुजला होता. सोलापुरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन भरलं. "ह्यानं पाय बरा हुईल का?" तिनं विचारलं. "नाही. फक्त दुखणं कळणार नाही. पळालीस तर लिगामेंट आणखी फाटेल." खेळाचे सर घाईला आले. "आज जिंकलो तर राज्याच्या संघात जाशील. घे टोचून!" दीक्षानं गावी मैंदर्गीत आईला फोन लावला, लागला नाही. तिनं पाय मागं घेतला. "नको सर. मला लई वर्सं खेळायचं हाय." सरांनी नजर न मिळवता तिचा टी-शर्ट राखीव खेळाडूसाठी मागितला. संध्याकाळी वसतिगृहाच्या रिकाम्या खोलीत मोबाइलवर फोटो आला. करंडकाभोवती मुली खांद्याला खांदा लावून हसत होत्या. मधे कुठंच फट नव्हती. 'अभिनंदन' पाठवून तिनं भिंतीच्या आधारानं दुखरं पाऊल हळूच टेकलं.