आरशातला अंगठा

समजा, शाळा सुटल्यावर तुम्ही आईच्या दवाखान्यात बसला आहात. छकुलीही तशीच बसली होती, बेसिनजवळच्या स्टुलावर पाय हलवत.

तिची आई नर्स. पेशंटचं रक्त काढलेली सुई डब्यात टाकताना आईच्याच अंगठ्यात घुसली. आईने हातमोजा काढला, नळ सोडला आणि साबणाने अंगठा धुतला.

"दाब ना, म्हणजे घाण रक्त निघून जाईल," छकुली रडवेली होऊन म्हणाली.

"दाबायचं नसतं, शहाणे. नुसतं वाहत्या पाण्याखाली धरायचं. आता डॉक्टरांना सांगू, चल."

आईने नळ बंद केला, हात पुसला आणि पाठ फिरवली.

बेसिनवरच्या आरशातली आई मात्र अजून धुतच होती. मग ती अंगठा दाबायला लागली, अगदी मन लावून.

"अगं बाई, थांबलं होतं की!" इकडे आई पुटपुटली. तिच्या कोरड्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला होता. आरशातल्या आईने पुन्हा दाबलं, इकडे दुसरा थेंब आला.

छकुली स्टुलावर उभी राहिली. "दाबू नकोस गं," म्हणत तिने आरशातला अंगठा धरायला हात पुढे केला, आणि आरशातल्या वाहत्या नळाखाली तिची बाही कोपरापर्यंत भिजली.