बुजवलेल्या विहिरीवरची बाग

"सरपंचबाई, मुलं खेळतानाचा फोटो पाठवल्याशिवाय बागेचा उरलेला निधी मिळणार नाही," तालुक्याहून आलेले इंजिनिअर म्हणाले.

पोरं फाटकाबाहेर घोळक्यानं उभी होती, पण आत पाऊल टाकायला एकही तयार नव्हतं. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून ग्रामपंचायतीनं बागेसाठी घाईघाईत जागा दिली होती ती बुजवलेल्या विहिरीचीच. त्याच विहिरीत सरपंच द्वारकाबाईंचा धाकटा मुलगा बुडाला होता, हे घरोघर ठाऊक होतं.

"भ्यायचं काय त्यात? बघा, मी बसते." पदर खोचून द्वारकाबाई सीसॉच्या एका टोकावर बसल्या. अंगानं भारदस्त बाई. टोक धपकन जमिनीला टेकलं. पोरं खिदळली. इंजिनिअरनी मोबाइल समोर धरला.

तेवढ्यात पलीकडचं रिकामं टोक सावकाश खाली यायला लागलं. द्वारकाबाईंचे पाय जमिनीवरून सुटले आणि पोरांचं खिदळणं जागच्या जागी थांबलं.

उतरायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्या समोर बघतच राहिल्या. मग त्यांनी हातानंच इंजिनिअरना थांबवलं.

"फोटो राहू द्या साहेब," त्या हळूच म्हणाल्या. "नवख्या माणसांपुढं लाजतो तो."