मायक्रोफोन वापरू द्यायचा का?

लॅपटॉपची घंटी वाजली तशी अण्णांनी चष्मा चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि हिरव्या गोल बटणावर बोट ठेवलं. मुलीचा चेहरा दिसण्याआधी ती चौकट आलीच. दर रविवारी यायची, कधी चुकायची नाही मेली. 'या ॲपला तुमचा मायक्रोफोन वापरू द्यायचा का?'

"मला कुठे भाषण ठोकायचंय?" अण्णा पुटपुटले आणि त्यांनी 'नाही'वर बोट दाबलं. लगेच दुसरी चौकट. 'या ॲपला तुमचा कॅमेरा वापरू द्यायचा का?'

"अजिबात नाही."

उभा जन्म त्यांनी कारखान्याच्या फाटकावर पहारा करण्यात काढला होता. मालकाचा मेहुणा का असेना, चिठ्ठी दाखवल्याशिवाय आत नाही. आणि गळ्यात कॅमेरा अडकवून आलेल्या माणसाला तर चिठ्ठी असली तरी नाही. नोकरी संपली म्हणून माणसाचं हाड थोडंच बदलतं! लॅपटॉपवर कोणी आगंतुक काही मागायला आला, की अण्णा त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावत.

चौकटी गेल्या आणि पडद्यावर मुलगी आली.

आई गेली तेव्हा ती परगावाहून वेळेवर पोचू शकली नव्हती. अण्णा तिला दारातच नको ते बोलले, आणि ती पाण्याचा घोटही न घेता परत फिरली. त्यानंतर मोबाइलवर तिचं नाव दिसलं की त्यांचा हातच पुढे होत नसे. पण लॅपटॉप तिच्या आईचा. आई असताना दर रविवारी ह्याच घंटीवर मायलेकी बोलायच्या. ती वाजली की अण्णांना राहवत नसे.

पहिल्या खेपेला तिने विचारलं होतं, "अण्णा, आहात ना?"

"आहे की," अण्णा म्हणाले होते.

तिने जरा वाट पाहिली होती, मग मान खाली घालून शाळेतल्या मुलांबद्दल सांगत बसली होती. तेव्हापासून हे असंच. अण्णा मध्येच काही विचारायचे, पण ही उत्तर देईल तर शपथ! आपलंच पुढे चालू. एकदा तर सगळा धीर गोळा करून ते म्हणाले होते, "चुकलं गं माझं. तोंडाला आवर राहिला नाही." त्यावर ती काय म्हणाली? "आणि हो, स्वयंपाकघरातला नळ बदलून घेतला." अण्णांच्या काळजाला घरं पडली. बापाने एवढं नाक घासलं आणि हिला नळाची पडलीय! तरी पुढच्या रविवारी घंटी वाजल्यावर ते धावत आलेच होते.

आज तिचे डोळे सुजलेले दिसत होते.

"अण्णा, आज एकच सांगायचंय," ती म्हणाली. "पुढच्या रविवारपासून मी फोन नाही करणार."

"का गं? काय झालं?" अण्णा खुर्चीत ताठ झाले.

"तुम्ही उचलता, ऐकता, हेही मला पुष्कळ होतं. पण ह्या काळ्या पडद्याशी बोलून बोलून मी थकले हो. तुमचा चेहरा नाही, आवाज नाही. चार शिव्या हासडल्या असत्यात तरी चाललं असतं मला."

"अगं, बोलतोय की मी! केव्हाचा बोलतोय!" अण्णा ओरडले.

तिने पदराने नाक पुसलं. त्यांचं ओरडणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

चेहरा नाही, आवाज नाही. कॅमेरा नाही, मायक्रोफोन नाही. अरे देवा! बाहेरचं कोणी आत यायला मागतच नव्हतं. त्यांचाच आवाज, त्यांचंच तोंड बाहेर जायला मागत होतं, तिच्याकडे जायला, आणि दर रविवारी ते स्वतःलाच फाटकावर अडवत होते.

"येते मी," मुलगी म्हणाली. "जपा स्वतःला." फोन बंद करायला तिने हात पुढे केला.

"थांब! थांब गं पोरी!"

पडद्याच्या तळाशी लाल काट मारलेलं माइकचं चित्र होतं. आजवर अण्णांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याच्यावर बोट आपटलं. चौकट आली. सवयीने बोट 'नाही'कडेच वळलं. अण्णांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि ते ओढून 'हो'वर नेलं.

"थांब गं, नको जाऊस..."

मुलीचा हात तिथल्या तिथे थांबला. तोंड उघडंच राहिलं. ती एकदम पडद्याजवळ आली, इतकी जवळ की नुसते डोळेच दिसू लागले.

"अण्णा? अण्णा, तुम्हीच ना?"

दुसरी चौकट आली. 'हो.' कोपऱ्यातल्या काळ्या चौकोनात एक म्हातारा उगवला, दाढीचे खुंट वाढलेला, सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात लावलेला. इतके रविवार जे जे बोलून झालं होतं ते सगळं अण्णांच्या ओठांशी आलं आणि तिथेच अडलं. ते नुसते तिच्याकडे बघत राहिले.

तीही बघत राहिली.

"अण्णा," ती कशीबशी म्हणाली, "किती वाळलात हो तुम्ही!"